जोत्याचा मुहूर्त

आमच्या दुकानाच्या गल्ल्यात दोन पत्रिका ठेवलेल्या आहेत. एक आमच्या मंगल कार्यालयाच्या भूमिपूजनाची आहे. तिच्यावर तारीख आहे ७ मे २०१९, अक्षय तृतीया. दुसरी एका लग्नाची आहे. तिच्यावर विवाहस्थळ म्हणून आमच्या कार्यालयाचं नाव छापलं आहे, पण ते लग्न आमच्याकडे लागलं नाही. लागणारच नव्हतं, कारण पत्रिकेतल्या तारखेला आमच्या हॉलचे कॉलम जेमतेम कमरेएवढे वर आले होते.

मी आणि माझे थोरले बंधू, दादा, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवतो. वडिलांच्या वाट्याची रस्त्याकडेची तीस गुंठे जमीन होती. आसपासच्या आठ-दहा गावांत मोठं कार्यालय नव्हतं. लोक लग्नाला थेट सांगली नाहीतर इस्लामपूर गाठायचे. धंद्याचा अंदाज चुकीचा नव्हता. आजही कार्यालय बरं चालतं. चुकली ती वेळ. आणि ती चूक इतकी साधी होती, की तेव्हा कुणी चार प्रश्न विचारले असते तर तिथंच उघडी पडली असती. ते प्रश्न मी इथं लिहितो आहे. दुकानात शेतकरी बसतात, त्यातले दोन-तीन जण दर वर्षी गाळे, गोदाम, लॉन, पेट्रोलपंप काढायचं म्हणतात, आणि प्रत्येक जण सुरुवात माझ्यासारखीच करतो.

कर्ज मंजूर झालं २०१९ च्या मार्चमध्ये. परवानगीची फाइल जानेवारीपासून फिरत होती. त्याच काळात लोकसभेची निवडणूक लागली. आमच्याकडे मतदान २३ एप्रिलला होतं. महिना-दीड महिना ज्या टेबलावर जावं तिथला माणूस निवडणुकीच्या कामावर. हे कुणाच्या दुष्टपणामुळं झालं नाही. निवडणुकीच्या तारखा सगळ्या गावाला माहीत होत्या, आम्ही त्या आमच्या हिशेबात धरल्या नव्हत्या, एवढंच. शेवटी एप्रिलच्या अखेरीस कागद हातात पडले. आठवड्यावर अक्षय तृतीया होती. साडेतीन मुहूर्तांतला एक. दादा म्हणाले, "एवढा चांगला दिवस सोडायचा नाही." मलाही तसंच वाटलं. ठेकेदार म्हणाला, "सहा महिन्यांत किल्ली हातात देतो." सहा महिने म्हणजे नोव्हेंबर. तुळशीची लग्नं त्या वर्षी ९ नोव्हेंबरपासून होती. लग्नसराईच्या तोंडावर कार्यालय तयार! मे अधिक सहा, नोव्हेंबर. गणित इतकं सोपं बसलं, की आम्ही त्याच आठवड्यात तारखा द्यायला सुरुवात केली.

या गणितात पाऊस कुठं होता? कुठंच नव्हता. शेतीची औषधं विकणारी माणसं आम्ही. पेरणी कधी, फवारणी कधी, पावसाची उघडीप कधी, हे गिऱ्हाइकाला रोज सांगतो. पण स्वतःच्या इमारतीला पावसाळा लागतो हे आमच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल, पण आम्ही ते बाजूला सारलं.

आमची जमीन काळी. सहा फूट काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको: पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. प्रत्येक कॉलमला सात-साडेसात फुटांचा खड्डा, असे बेचाळीस खड्डे. स्ट्रक्चरल इंजिनिअर मध्यमवयीन, कमी बोलणारे गृहस्थ. भूमिपूजनाच्या दिवशी नारळ फुटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जोतं जूनच्या सातपर्यंत होतंय का? होत नसलं तर खड्डे खणू नका. दिवाळीनंतर खणा." ठेकेदार हसून म्हणाला, "साहेब, जेसीबी आहे. चार दिवसांत खड्डे." चार दिवसांत खड्डे झालेसुद्धा. ते सात लोकांचं काम होतं, दिसायला मोठं होतं, गाव बघायला यायचं. पण खड्डा म्हणजे काम नव्हे. त्याच्या पुढं पीसीसी, जाळी, फुटिंग, कॉलमची मान, भरणी, प्लिंथ बीम, पुन्हा भरणी, दाबणी, सोलिंग, आणि मग जोतं. एवढ्याला आमच्या माणसांच्या वेगानं तीन महिने हवे होते. आमच्या हातात होता एक.

मेच्या अखेरीस सळई यायला आठ दिवस उशीर झाला. जून उजाडला तेव्हा बेचाळीसपैकी अकरा फुटिंग भरून झाले होते. आणि तेव्हा एक गोष्ट घडली जी वरवर आमच्या भल्याची होती. २०१९ साली मॉन्सून केरळात ८ जूनला आला आणि महाराष्ट्रात पोचायला २० जून उजाडला. आम्हाला वाटलं देवानं पंधरा दिवस बक्षीस दिले. त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर आम्ही उरलेले खड्डे उघडे ठेवले. तेव्हा ते मुरूम टाकून बुजवले असते, तर नुकसान जेसीबीच्या भाड्यापुरतं राहिलं असतं. लांबलेला पाऊस हा कमी पाऊस नसतो, हे त्या वर्षी समजलं.

जुलैच्या शेवटी धरण क्षेत्रात पाऊस लागला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा पात्राबाहेर आली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमची जागा उंचवट्यावर, पुराचं पाणी तिथं चढलं नाही. पण चढायची गरजच नव्हती. आभाळातून पडलेलं आणि जमिनीतून झिरपलेलं पाणी एकतीस खड्ड्यांत भरलं. काळ्या मातीच्या कडा ढासळल्या. चौकोनी खड्ड्यांची डबकी झाली, दोन डबक्यांची मिळून एक झाली. बांधून ठेवलेल्या जाळ्या गाळात गेल्या. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. सिमेंट नाही, खडी नाही. गवंड्यांतले चार जण पूरग्रस्त गावांतले. त्यांचीच घरं पाण्यात होती. त्यांना फोन करून "कामावर कधी येता" असं विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारायला नकोच होतं. माणसांवर आलेल्या त्या संकटापुढं आमचे खड्डे म्हणजे काहीच नव्हतं. पण बँकेचं व्याज त्या दिवसांतही चढत होतं.

मे महिन्यात दर बरा मिळाला म्हणून सिमेंटची चारशे पोती घेऊन ठेवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये, खाली फळ्या, वर ताडपत्री. सप्टेंबरमध्ये पोती उघडली तर निम्म्यांत गोटे. सिमेंट तीन महिने ठेवलं तरी त्याची ताकद बऱ्यापैकी उतरते, आणि पावसाळी हवेत तर लवकरच. इंजिनिअरांनी ती पोती कॉलमला वापरू दिली नाहीत. काही सोलिंगखाली, काही कुंपणाच्या पायात गेली, उरलेली टाकून दिली. स्वस्त घेतलेलं सिमेंट आम्हाला सगळ्यांत महाग पडलं.

पावसाळा सप्टेंबरात संपेल असं धरलं होतं. त्या वर्षी मॉन्सूनची माघार सुरू व्हायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर पूर्वी नोंदलेला नव्हता. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान, २७ ला लक्ष्मीपूजन. माणसं दिवाळीला गेली. दिवाळीतही पाऊस पडतच होता. द्राक्षबागांचं काय झालं ते आमच्या दुकानातली उधारीची वही आजही सांगते. माणसं परत येईतो नोव्हेंबर लागला, आणि मग जे झालं त्याचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता: उसाचा हंगाम. पुरामुळं तो त्या वर्षी उशिरा पेटला, पण पेटायच्या आधीच मुरूम आणि दगड ओढणारे ट्रॅक्टर कारखान्यांच्या करारात अडकले. बिगारी माणसांतली काही जोडपी उचल घेऊन तोडीला गेली. जोत्याच्या भरणीला साडेतीनशे ट्रॉल्या मुरूम लागणार होता आणि दिवसाला चार ट्रॉल्या मिळेनात. पश्चिम महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मार्च या काळात ट्रॅक्टर उसाचा असतो. ज्याला भरणी करायची आहे त्यानं मुरूम ऑक्टोबरआधीच प्लॉटवर आणून ढीग मारावा, किंवा डंपरचं वेगळं भाडं धरावं. ही गोष्ट कुठल्याच नकाशावर लिहिलेली नसते.

आता त्या दुसऱ्या पत्रिकेबद्दल.

शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं जूनमध्येच मुलीच्या लग्नासाठी नोव्हेंबरच्या अखेरची तारीख घेतली होती. अकरा हजार विसार दिला होता. आम्ही सप्टेंबरमध्येच त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ठेकेदार म्हणायचा, निदान शेड उभी करून देतो, खाली फरशी नसली तरी मॅट टाकून लग्न होईल. आम्ही त्या शब्दाला धरून बसलो, कारण नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः जागा बघायला आले. खड्डे बघितले. मग दुकानात आले, बाकावर बसले, पिशवीतून पत्रिका काढून काउंटरवर ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात की हो. आता पाव्हण्यांना काय सांगू?"

दादांनी विसार दुपटीनं परत द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी मोजून अकराच हजार घेतले. लग्न शेवटी त्यांच्या घरापुढं मांडव घालून झालं. आम्ही दोघं भाऊ गेलो, जेवणावळीत वाढप्याचं काम केलं. मुलीनं नमस्कार केला तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. पैशाचं नुकसान मोजता येतं. पण धंदा सुरू व्हायच्या आधीच आपल्या शब्दाची किंमत उतरली, हे नुकसान कुठल्या खात्यावर लिहायचं?

त्यानंतरची घाई ही दुसरी चूक. उशीर झाला की माणूस मागचे दिवस पुढच्या कामातून वसूल करायला बघतो. डिसेंबरअखेर जोतं झालं. वधूवरांच्या खोल्या आणि भटारखान्यावरचा स्लॅब जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पडला. दहाव्या दिवशी मी गेलो तर सेंटरिंगवाले टेकू काढत होते. प्लेटा त्यांना दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. आमच्या स्लॅबचे गाळे सोळा-सतरा फुटांचे. साडेचार मीटरवरच्या गाळ्याला स्लॅबखालचे टेकू निदान चौदा दिवस ठेवायचे असतात, आणि बीम सहा मीटरवर गेला तर एकवीस. हे भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, लिहून ठेवलं आहे आणि प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ असतं. इंजिनिअरांनी फोनवरून काम थांबवलं, निघालेले टेकू पुन्हा लावून घेतले. एका बीमजवळ केसाएवढी चीर दिसली, ती पुढं इपॉक्सी भरून घेतली. इमारत भक्कम आहे. पण त्या रात्री मी झोपलो नाही. त्याच खोल्यांत पुढं लेकरंबाळं झोपणार होती. काँक्रीटला जे दिवस लागतात ते लागतातच. पाणी मारायचे दिवस, टेकूचे दिवस, प्लॅस्टर वाळायचे दिवस यांना हात लावून कुणी तारीख गाठायला सांगत असेल, तर त्या तारखेला जाऊ द्यावं.

हॉलची शेड फेब्रुवारीत उभी राहिली. तेव्हा आठवलं की विजेच्या वाढीव भाराचं काम अर्धवटच राहिलं आहे. तीनशे माणसांच्या जेवणाचा भटारखाना, पंखे, दिवे, बोअरचा पंप. त्याला घरगुती मीटर पुरत नाही. महावितरणकडं अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, पैसे भरणं, मग ट्रान्सफॉर्मर. अर्ज आम्ही डिसेंबरात कार्यालयाच्या नावानं केला आणि एक कागद कमी म्हणून तो परत आला होता. अग्निशमनाचा दाखला, रस्त्याला पोच देण्याची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, या सगळ्यांचं तेच. या कामांना सिमेंट लागत नाही म्हणून ती कामं वाटत नाहीत. पण त्यांच्याशिवाय कुलूप उघडत नाही. भाड्याचा जनरेटर लावून सुरुवात करायची ठरलं.

उद्घाटनाची नवी तारीख काढली: गुढीपाडवा. २०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता.

त्या दिवशी सगळा देश बंद झाला.

ओळखीचे लोक आजही म्हणतात, तुमचं नशीब वाईट, करोनानं घात केला. मी ते मान्य करत नाही. करोना कुणालाच कळला नव्हता, त्याचा दोष कुणावरही नाही. पण आम्ही कर्ज आणि परवानगीच्या मागं आधीच लागून २०१८ ची दिवाळी झाल्यावर खड्डे खणले असते, तर २०१९ च्या जूनपूर्वी छत पडलं असतं, महापुरात आत बसून प्लॅस्टर केलं असतं, आणि नोव्हेंबर ते मार्चची लग्नसराई पदरात पडली असती. तीस-पस्तीस तारखांचं भाडं हाताशी घेऊन आम्ही टाळेबंदीला सामोरं गेलो असतो. तसं न होता रिकाम्या हातानं गेलो. लांबलेलं काम आपल्याला अशा संकटांच्या वाटेत नेऊन उभं करतं ज्यांच्याशी आपला काही संबंध नसता.

कर्जाचं सांगतो, कारण इथं बहुतेक जण चुकतात. आमचं कर्ज एक कोटी चाळीस लाखांचं, व्याज अकरा टक्के. सगळी रक्कम उचलल्यावर दिवसाला सुमारे चार हजार दोनशे रुपये व्याज. हप्ता सुरू व्हायला बारा महिन्यांची सवलत होती. आम्ही समजलो, इमारत झाल्यावर बारा महिने. कागदावर होतं, पहिली रक्कम उचलल्यापासून बारा महिने. म्हणजे हप्ता मे २०२० पासून, ऐन टाळेबंदीत. रिझर्व्ह बँकेनं तेव्हा हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, ती ऑगस्टअखेरपर्यंत होती. पण व्याज थांबलं नव्हतं. नंतर लग्नं सुरू झाली ती पन्नास माणसांची. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला. पन्नास माणसांना कुणी कार्यालय घेत नाही. जुलैत पुन्हा पूर. आमच्या कार्यालयात पहिलं भरगच्च लग्न लागलं ते २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस. भूमिपूजनापासून अडीच वर्षांनी. मधल्या काळात दादांनी चार एकरांतला दीड एकर विकला.

तर आता तुम्हाला काय सांगायचं.

पहिलं म्हणजे, मोजायला शेवटापासून लागा. तुमच्या धंद्याचा पहिला कमाईचा दिवस कुठला? कार्यालयाला तुळशीचं लग्न, बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला फेब्रुवारी, शाळेच्या वसतिगृहाला जून, कापडाच्या दुकानाला दसरा. त्या दिवसाच्या मागं दोन महिने मोकळे सोडा. त्या दोन महिन्यांत वीज, पाणी, दाखले, उरलीसुरली कामं. तिथून मागं मोजत या: रंग, फरशी, प्लॅस्टर, भिंती, स्लॅब, जोतं, पाया. मोजता मोजता पायाचा महिना जून-जुलै-ऑगस्टमध्ये येऊन पडला, तर तुमची तारीख चुकीची आहे. मग पहिला कमाईचा दिवसच एक हंगाम पुढं न्या. कागदावर हंगाम पुढं ढकलायला काही खर्च नाही. आमच्यासारखं खड्ड्यांत पाणी भरल्यावर ढकलला तर काय लागतं ते वर सांगितलं आहे.

ठेकेदाराचा महिना तीस दिवसांचा असतो. तो खोटं बोलतो असं नाही, त्याला काम हवं असतं. तुम्ही मात्र तुमच्या गावाचा महिना मोजा. आमच्याकडं आठवडा बाजाराच्या दिवशी पगार होतो आणि काम बंद असतं. ते वर्षाचे बावन्न दिवस. अमावस्येला गवंडी कामाला हात लावत नाहीत, बारा. दिवाळीचे दहा. जत्रा, बेंदूर, गणपती मिळून पाच. उघड्यावरचं काम पावसानं बुडतं ते निदान साठ. तीनशे पासष्टातून हे वजा केलं की सव्वादोनशे दिवस उरतात. म्हणजे महिना एकोणीस दिवसांचाही नाही. ठेकेदारानं सांगितलेले सहा महिने म्हणजे एकशे ऐंशी दिवस, आणि आमच्या गावात ते साडेनऊ महिने होतात. हे गणित करायला इंजिनिअर लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. माणसं परप्रांतातली असतील तर त्यांचे सण त्यात लिहा. छटपूजेला आणि होळीला गेलेला माणूस आठ दिवसांत येत नाही, महिना लागतो. निवडणूक येणार असेल तर तीही लिहा. अधिक महिना लिहा, कारण तो आला की दिवाळी आणि तुळशीचं लग्न वीस दिवस पुढं जातं, आणि कधी कधी तो आपल्याला साथ देतो.

हे नियम सगळीकडं सारखे नाहीत. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात छप्पर हवंच. तिथं जोत्यावर थांबून भागत नाही. उघड्या जोत्यावर चार महिने कोकणी पाऊस म्हणजे भरणी धुऊन गेली. मराठवाड्यात उलट पाण्याचा प्रश्न. एप्रिल-मे मध्ये प्यायला टँकर येतो तिथं स्लॅबवर मारायला पाणी कुठलं? तिथं स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडून, भिजून झालेला बरा. विदर्भातल्या उन्हात दुपारी काँक्रीट ओतू नये, ते पहाटे नाहीतर संध्याकाळी ओतावं. आणि वाळू: नदीच्या वाळूचा उपसा १० जून ते ३० सप्टेंबर बंद असतो. क्रश सँड वर्षभर मिळते, पण प्लॅस्टरला वाळूच हवी असा हट्ट असेल तर मेमध्येच घेऊन ठेवा. वीटभट्ट्याही पावसाळ्यात बंद. विटा मेमध्ये घेऊन झाकून ठेवल्या तर खराब होत नाहीत. सिमेंट मात्र लागेल तसं आणा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

पावसाळा म्हणजे काम बंद असंही समजू नका. डोक्यावर छप्पर असेल तर तेच चार महिने आतल्या कामाला उत्तम असतात. आतलं प्लॅस्टर, वायरिंग, नळकाम, फरशी सगळं होतं. फक्त रंग नको. ओल्या भिंतीवर दिलेला रंग दिवाळीला पापुद्र्यांनी सुटतो.

करारात टप्पे लिहून घ्या आणि प्रत्येक टप्प्यापुढं तारीख घाला. जोतं या तारखेला, स्लॅब या तारखेला. पैसे टप्पा पुरा झाल्यावर. आमच्या करारात एकच तारीख होती, शेवटची. त्यामुळं जूनमध्ये आपण तीन महिने मागं आहोत हे दिसत असूनही ते कुठंच कागदावर उमटलं नाही. आणि बँकेत सही करण्याआधी एवढंच विचारा: सवलतीचे महिने कुठल्या दिवसापासून? जमेल तर पहिली उचल काम सुरू व्हायच्या आठवड्यातच घ्या. आधी घेऊन सिमेंटची पोती भरू नका.

गिऱ्हाइकाला तारीख कधी द्यायची? छत पडल्यावर. त्याआधी गाळ्याचा भाडेकरू असो, लग्नाचं घर असो, कुणाचाही विसार घेऊ नका. आलेल्याला सांगा, पुढच्या वर्षी. तो रागवून दुसरीकडं जाईल, जाऊ द्या.

२०२२ मध्ये आम्ही कार्यालयाशेजारी दहा गाळे आणि वर पाहुण्यांच्या खोल्या काढायचं ठरवलं. विजेचा अर्ज गणपतीत केला. मुरूम दसऱ्याआधी आणून टाकला. भूमिपूजन दसऱ्यालाच केलं, नारळ फोडला, आणि खड्डे खणले ते दिवाळीची माणसं परत आल्यावर, नोव्हेंबरात. जानेवारीत जोतं, एप्रिलच्या मध्याला वरचा स्लॅब. टेकू एकवीस दिवस हलू दिले नाहीत, सेंटरिंगवाल्याला त्याचं जादा भाडं दिलं. २०२३ ला पाऊस महाराष्ट्रभर पसरायला जूनचा शेवट उजाडला आणि ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा गेला. दादा म्हणाले, "यंदा मेमध्ये खणलं असतं तरी चाललं असतं." चाललं असतं. पण मेमध्ये खणणाऱ्याला ऑगस्ट कसा जाणार हे ठाऊक नसतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, तुळशीची लग्नं २४ नोव्हेंबरला सुरू झाली, आणि गाळ्यांच्या किल्ल्या आम्ही त्याच्या पाच आठवडे आधी दिल्या.

ज्या घराच्या लग्नाची पत्रिका गल्ल्यात आहे, त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न पुढं आमच्या कार्यालयात झालं. तारीख ठरवायला आले तेव्हा त्यांनी आधी हॉलभर फिरून पंखे लावून बघितले, भटारखान्याचे नळ सोडून बघितले, मगच विसार काढला. त्यांचं बरोबर होतं.

येत्या अक्षय तृतीयेला कुणी काम सुरू करणार असेल तर एक विनंती आहे. पूजा त्या दिवशी जरूर करा, नारळ फोडा, पेढे वाटा. पण जेसीबी बोलावण्याआधी इंजिनिअरला जोत्याची तारीख विचारा. ती जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढं जात असेल, तर जमीन तशीच राहू द्या आणि खड्डे दिवाळीनंतर खणा.